पाचव्या दिवशीचं गाव

वहीच्या पुठ्ठ्यावर एक शहर होतं,
रस्त्यांच्या जागी पाणी,
उंबऱ्याबाहेर पाय टाकला की होडी.
हर्षिता म्हणाली, सुट्टीत इथं जायचं.
लोहित तीन वर्षांचा,
तो पुठ्ठा चाटून बघत होता
ओला आहे का.

बोनस आला तो सासूबाईंच्या डोळ्यात गेला.
एक डोळा झाला, दुसरा दिवाळीनंतर.
तरी मी पिशवी भरली:
कडक भाकरी, शेंगाचटणी, लोहितच्या चड्ड्या चार,
टॉवेल कितीही (आमच्याकडं टॉवेलला तोटा नाही,
ह्यांच्या कारखान्यातले, काठ चुकलेले)
आणि सिटी बसला बसलो तिघं.
कुठं चाललो? म्हटलं,
तिथंच. जरा आडवाटेनं.

आधी किल्ला.
खंदकाच्या कठड्याला नाक लावून हर्षिता म्हणाली,
कालवा आहे, पाणी कुठाय?
म्हटलं, शिफ्टला गेलंय.
तिला पटलं.
रात्रपाळीच्या आठवड्यात
तिचे बाबाही असेच घरात असून नसतात.

मग तळं.
हंसाच्या तोंडाची होडी साखळीनं बांधलेली,
वर पाटी: बोटिंग बंद.
राखणदार मल्लेशीमामानं पोरांकडं पाहिलं,
मग पाटीकडं पाठ केली.
बसवा म्हणाला, साखळीला तेवढा हात लावू नका.
त्या बांधलेल्या होडीत
आम्ही अर्धा तास प्रवास केला.
हर्षिता पायडल मारत होती
आणि काठ तिथंच होता,
तिला ते कळत होतं की नव्हतं
मी विचारलं नाही.
लोहित प्रत्येक बदकाला टाटा करत होता,
तीच तीन बदकं, पुन्हा पुन्हा.
मग त्याला शी आली.
प्रवास तिथं संपला.

परतताना अशोक चौकापर्यंत एक कडेवर,
एक पदराला.
आलं का ते गाव?
अजून नाही.
किती लांब आहे?
मी खांदा बदलला.

रात्री अडीचला नळ खोकला.
आधी नुसती हवा, मग गंजकट थुंकी, मग धार.
पाचवा दिवस होता, मी विसरलेच होते.
नरसम्मा दारात उभी राहून ओरडली,
नीळ्ळु वच्चिनय! आणि पाठोपाठ मराठीत,
आलं गं आलं, उठा!
मोटारी घुरघुरल्या, पाइप ह्या दारातून त्या दारात,
कळशा, बादल्या, निळी पिंपं,
बनियनवरचे पुरुष, केस सुटलेल्या बायका,
सगळी पेठ झोपेतून उठून पाण्यावर आली.
कोपऱ्यावरच्या कुचनांना जाग आली नाही.
त्यांचं पिंप भरलं, वाहिलं,
शहाबादी फरशीवरून गल्ली उतरू लागलं
खांबावरच्या दिव्यासकट.
एरवी मी भांडले असते. थेंबाथेंबाचा हिशेब आमचा.
पण हर्षिता उंबऱ्यावर उभी होती,
झोपेतच असेल, एक पाय पुढं टाकून,
आणि म्हणाली,
अम्मा, आलो.

लोहितनं त्याची चप्पल सोडली पाण्यात.
निळी, टाचेला फुगा असलेली.
ती बोल्लींच्या पायरीशी अडली,
बोल्लींच्या म्हाताऱ्यानं काठीनं पुढं ढकलली,
पुढं कुणी कळशी उचलून वाट दिली,
पुढं कुणी मोटार बंद करून बघत राहिलं,
एक माणूस तर, देवाशपथ,
बादली हातात घेऊन बाजूला सरकून उभा राहिला,
मोठी गाडी जाऊ द्यावी तसा.
वळणावर ती दिसेनाशी झाली.
मी भरलेल्या घागरीवर झाकण ठेवलं.
पावणेचारला पाणी गेलं.

सोमवारी बाईंनी वर्गात विचारलं,
सुट्टीत कोण कोण कुठं जाऊन आलं?
हर्षितानं वहीचा पुठ्ठा वर धरला.
म्हणाली, इथं.
रात्री पोचलो.
लोहितची एक चप्पल राहिलीय तिथं.